चकाकी ओलाव्याची नव्हती

"आत्या, हा न्यूट आहे, पाण्याबाहेर अडकलाय," असे म्हणत माझ्या भाच्याने आज सकाळी अबोलीच्या वाफ्यात पकडलेली सापसुरळी थेट विहिरीजवळच्या दगडी दोणीकडे नेली, आणि मी वेळीच हात धरला नसता तर ती पाण्यात गेली असती.

इंग्लंडमधल्या स्विंडनहून सुट्टीसाठी फोंड्याला आलेल्या या मुलाने तिथल्या बागेतल्या तळ्यात न्यूट नावाचे पालीसारखे दिसणारे प्राणी पाहिले आहेत. चार पाय, लांब शेपूट आणि तकतकीत अंग दिसताच त्याला तेच आठवले.

मी त्याला तिच्या पाठीवर हलकेच बोट फिरवायला सांगितले. "ही तर कोरडी आहे!" तो चकितच झाला. ती चकाकी ओलाव्याची नव्हती, कौलांसारख्या एकमेकांवर बसलेल्या खवल्यांची होती. मग आम्ही पुढच्या पायाची बोटे मोजली. पाच, आणि प्रत्येकाला बारीक नखी. न्यूट हा बेडकाच्या नात्यातला उभयचर. त्याच्या अंगावर खवले नसतात, पुढच्या पायाला बोटे चारच असतात आणि त्यांना नख्या नसतात. भारतात तो दार्जिलिंगसारख्या पूर्वेकडच्या डोंगरांत आढळतो, गोव्यात नाही.

सापसुरळी पाल्यात सरसरत नाहीशी झाली, पण माझे मन दिवसभर तिथेच घुटमळत राहिले. त्याने तिला वाचवण्यासाठी उचलले होते. आपल्याकडे मात्र ती बिनविषारी असूनही, केवळ सापासारखी दिसते म्हणून तिच्यावर खराटा उगारला जातो.

"आत्या, ती उद्या परत येईल का?" संध्याकाळी त्याने विचारले. वाफ्यातला पाला मी आज झाडला नाही.