शेततळ्यातली हरणी

नाशिकहून पहाटे निघून रात्री घरी, अशा सफारीची चौकशी करणाऱ्यांना मी आधीच सांगून टाकते, की आपल्याकडे फाटक नाही, उघडी जिप्सी नाही आणि वाघ तर नाहीच. ताडोबा आणि पेंच राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. बिबटे जिल्ह्यात भरपूर आहेत, पण ते उसात राहतात, आणि बिबट्या दाखवायला माणसं उसाच्या कडेला नेऊन उभी करणं हा धंदा मी करत नाही. मग आहे काय? सकाळी नांदूर मध्यमेश्वरचं पाणी, दुपारनंतर ममदापूरचा माळ. एवढं ऐकून निम्मे लोक ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. उरतात ते बहुतेक चांगले असतात.

हा फेब्रुवारी अखेरचा रविवार होता. पहाटे पाचला नाशिकच्या द्वारका चौकातून ट्रॅव्हलर भरली. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आणि काकू, चौथीतल्या मुलाला घेऊन आलेली त्याची आई, गंगापूर रोडच्या चार मैत्रिणी, आणि हातभर लांब लेन्स मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेले एक फोटोग्राफर. त्यांनी शिलापूर यायच्या आत मला विचारलं, ‘काळविटाची उडी मिळेल ना? हवेतली?’ मी म्हटलं, काळवीट मिळेल, उडीचं त्याला विचारा.

नांदूर मध्यमेश्वरबद्दल फार लिहीत नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून पाणी उथळ झालं. धरण म्हणून ते वाईट, पण पक्ष्यांचं त्याने भलं केलं. 1986 साली अभयारण्य झालं आणि 2020च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यावर त्या दिवशी धुकं साडेसातपर्यंत हललं नाही. मग ऊन आलं आणि शेकड्याने वारकरी, थापटे, तलवार बदकं, मधेच उघड्या चोचीने पाणी ढवळत जाणारे चित्रबलाक. मुलाने वही काढली आणि नावं लिहायला घेतली. फोटोग्राफर महाशयांनी पाणकोंबड्यांकडे एकदाच बघितलं आणि घड्याळाकडे तीनदा. निफाडमध्ये मिसळ, येवल्यात एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर पैठणीच्या दुकानात अर्धा तास (तो दीड तास झाला), आणि साडेतीनच्या सुमारास आम्ही माळावर.

येवला तालुक्याचा हा ईशान्येचा भाग म्हणजे पाण्याच्या नावाने बोंब. ममदापूर, राजापूर आणि आसपासच्या गावांचं मिळून सुमारे 54 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. अभयारण्यात आणि यात फरक असा की इथल्या गावकऱ्यांचे हक्क तसेच राहतात. 2002च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ही सोय आली. कागदावर सीमा आहे, पण हरणाला ती ठाऊक नाही. रात्री ती हरभऱ्यात असतात, दिवसा गवतात. त्यामुळे इथे जंगलात शिरल्यासारखं काही वाटतच नाही. कांद्याचं वावर, त्यापलीकडे बोरीची झुडपं, त्यापलीकडे पिवळं गवत, आणि त्यात उभं असलेलं काहीतरी काळं.

ते पहिलं काळं म्हणजे नर होता. पूर्ण वाढलेला, पाठ काळीकुळकुळीत, पोट पांढरं, शिंगांना पीळ. तो मान वर करून, नाक आभाळाकडे धरून, शिंगं पाठीला लावून चालत होता. माद्यांसमोर मिरवताना ते असे चालतात. त्याची एक ठरलेली जागा असते, तिथे लेंड्यांचे ढीग घालून तो हद्द सांगतो आणि दुसरा नर आला की अंगावर धावतो. काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाले, ‘आमचे एक साहेब अगदी असेच चालायचे.’ गाडीभर हसू झालं, आणि तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला.

पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. आमची गाडी त्या रस्त्याला अधूनमधून दिसते, म्हणून ओळखून आला होता. ‘ताई, आमच्या तळ्यात हरीण पडलंय. कुत्र्यांनी घातलं. आजोबा म्हणले, त्या गाडीवाल्या ताईंकडं वनखात्याचा नंबर असतो.’

नंबर माझ्याकडे होता, तसा तो कुणाकडेही असायला हवा, 1926, पाठ करण्यासारखा आहे. तो मी लावलाच, पण आधी त्या बीटच्या वनरक्षकांना फोन केला, कारण ओळख असली की पत्ता सांगण्यात वेळ जात नाही. ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होते. तासभर लागेल म्हणाले. मी गाडीतल्या लोकांना विचारलं, आपण तिकडे जाऊ या का. खरं तर विचारायला नको होतं, कारण कुणी ‘नको’ म्हणालं असतं तरी मी गेलेच असते.

शेततळं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. सरकारी योजनेतलं मोठं तळं साधारण तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. पाणी मुरू नये म्हणून आत जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरतात. पावसाळ्यात काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा ते निरुपद्रवी दिसतं. फेब्रुवारीत पाणी अर्ध्यावर उतरतं, उताराचा कागद उघडा पडतो आणि पाण्याजवळच्या भागावर शेवाळ धरतं. माणूस आत पडला तर दोराशिवाय बाहेर येत नाही, दरवर्षी पेपरात वाचतोच आपण. तिथे खुराचं काय चालणार?

मादी होती. शिंगं नाहीत, रंग तांबूस. कोपऱ्याकडे पोहत जायची, पुढचे दोन्ही पाय कागदावर टाकायची, खुरांचा खरडल्याचा आवाज यायचा आणि पोटावर घसरत पुन्हा पाण्यात. मग दुसरा कोपरा. ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत वेगाने पळणारं जनावर, त्याला दोन मीटरचा उतार चढता येईना. कुंपणाची जाळी एका बाजूला वाकली होती, तिथूनच ती आत आली असणार. बांधावर तीन कुत्री जिभा बाहेर काढून बसली होती.

‘अर्धा तास झाला,’ आजोबा म्हणाले. ‘चढती, घसरती, चढती, घसरती. आता दमली. मी दोर टाकणार होतो, पोरगं म्हणलं थांबा.’

पोराचं बरोबर होतं. वनरक्षकांनी फोनवर पहिलं वाक्य तेच सांगितलं, की हात लावायचा नाही आणि ओढायचंही नाही. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, हा त्यातला एक भाग झाला. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. हरणाच्या जातीतलं जनावर पकडलं, दाबून धरलं, भोवती गलका झाला, की भीतीने आणि धडपडीने त्याचे स्नायूच आतून नासायला लागतात. वरून काही दिसत नाही. सोडलं की पळून जातं, लोक टाळ्या वाजवतात, व्हिडिओ पाठवतात, आणि जनावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी कुठेतरी मरून पडतं. डॉक्टर त्याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. ‘तिला तिच्या पायाने वर येऊ द्या,’ वनरक्षक म्हणाले. ‘उतारावर खूर रुतेल असं काहीतरी टाका. आणि मग सगळ्यांनी तिथून निघून जा. एक माणूस दिसला तरी ती त्या बाजूला यायची नाही.’

खूर रुतेल असं काय असतं शेतकऱ्याच्या घरी? बारदान. कांद्याच्या चाळीत त्याची थप्पी होती. आजोबांच्या सूनबाईंनी दाभण आणि सुतळी आणली आणि ओसरीत बसकण मारून गोणपाटाला गोणपाट जोडायला सुरुवात केली. प्रेसवाल्या काकू काही न बोलता तिच्या शेजारी बसल्या आणि दुसरं टोक शिवायला घेतलं. त्या दोघींचा वेग बघून चार मैत्रिणींपैकी एकीने दाभण मागितलं, पण बोटात रुतवून घेतल्यावर तिला उसवलेल्या गोण्या झटकायचं काम दिलं गेलं. वीसेक मिनिटांत पाच-सहा हात लांबीची पट्टी तयार. खालच्या टोकाच्या गोणीत दगड भरले, म्हणजे ते पाण्यात बुडून राहील. वरचं टोक बैलाच्या कासऱ्याने कुंपणाच्या खांबाला बांधलं. बाजू आजोबांनी निवडली, घराच्या विरुद्ध, माळाकडची. ‘घराकडं तोंड करून ती कशाला चढंल?’ तिथली जाळी त्यांनी पक्कडीने कापून टाकली. हे मला सुचलं नसतं. पट्टी उतारावर सोडताना मी आणि पोरगा पोटावर सरपटत गेलो, आणि हरणी पलीकडच्या कोपऱ्यात मान ताणून आमच्याकडे बघत राहिली. तिच्या बरगड्यांची हालचाल दिसत होती.

आता निघायचं होतं, आणि इथे फोटोग्राफर साहेब अडले. ‘मी बांधाच्या मागे आडवा पडतो. हलणार नाही. फक्त लेन्स बाहेर.’ मी नाही म्हटलं. ‘मॅडम, असा क्षण परत येणार नाही. आणि मी पैसे भरलेत.’ पैसे भरले होते हे खरंच होतं. माणूस चांगला होता, पण दिवसभर त्याने उडीसाठी धीर धरला होता आणि आता उडी समोर होती. मी वाद घालायच्या तयारीत होते, तेवढ्यात आजोबा आले आणि त्यांनी त्याचा दंडच धरला.

‘साहेब, तुम्ही चला माझ्यासंगं. कुत्री परत येत्यात. त्यांच्याकडं बघायला उंच माणूस पाहिजे.’

उंच माणूस का पाहिजे, हे कुणी विचारलं नाही. पुढचा सगळा वेळ आमच्या गाडीतली सर्वात महागडी लेन्स माणसासकट दोन शेतं पलीकडे उभी होती आणि तिचा मालक ढेकळं फेकून कुत्री हाकलत होता.

बाकी आम्ही सगळे कांदाचाळीच्या मागे. फोन बंद. मुलाला मी सांगितलं की बोलायचं असेल तर वहीत लिही. त्याने लिहिलं, ‘ती मेली तर?’ आईने वाचलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली. तळ्यातून आवाज येत होता. पाणी, खरडणं, पाणी. मधे बराच वेळ काही नाही. पुन्हा पाणी. मग एकदम शांत. हे शांत कुठलं, याची चर्चा सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुरू झाली. ती बुडाली असती तरी असंच शांत झालं असतं. काका उठले. मी त्यांना खुणेने बसवलं. वनरक्षकांनी बजावलं होतं, आवाज थांबला तरी लगेच जायचं नाही, अर्ध्या उतारावर ती दम घेत थांबली असेल तर तुम्हाला बघून पुन्हा पाण्यात उडी टाकेल. घड्याळ बघत दहा मिनिटं बसणं मला तरी फार जड गेलं.

तेवढ्यात वनरक्षक मोटरसायकल लांब लावून चालत आले. एकटेच बांध चढले, डोकं वर काढलं, आणि मग सरळ उभे राहिले. तळं रिकामं होतं. बारदानावर चिखलाचे ठसे, मधे एका जागी गोणी फाटलेली, आणि कापलेल्या जाळीतून ओली रेघ सोंगलेल्या हरभऱ्यात गेलेली. त्यांनी दुर्बिणीतून बऱ्याच वेळाने तिला शोधलं, बोरीच्या आडोशाला, उभी. आमच्यातल्या कुणालाही ती वर येताना दिसली नाही. मुलाने दुर्बीण मागितली, वनरक्षकांनी त्याला एकट्यालाच दिली आणि बाकीच्यांना म्हणाले, ‘आता पुरे, तिच्याकडं बघू नका.’

वाचली का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, आज काही सांगता येत नाही. पुढचे काही दिवस त्यांनी त्या बाजूला गस्त ठेवली. मेलेलं जनावर सापडलं नाही. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

चहा झाला. चहाबरोबर आजोबांनी हरभऱ्याचा हिशेब काढला. ‘खाणारी तीच, बुडणारी तीच, आणि फोन आम्ही लावायचा.’ वनरक्षकांनी पीकनुकसानीचा अर्ज, पंचनामा, सातबारा सगळं समजावून सांगितलं. आजोबा शांतपणे ऐकून म्हणाले, ‘मागल्या साली केला होता.’ पुढे कुणी काही बोललं नाही. मी मधे पडले नाही, कारण दोघंही खरं बोलत होते. उठताना वनरक्षक म्हणाले, पट्टी तशीच राहू द्या, उन्हाळ्यात पाण्यावर आणखी येतील. आजोबा म्हणाले, ‘राहू द्या काय? बारदान काय फुकट येतं? कांदा कशात भरू?’ पण त्यांनी कासरा सोडला नाही.

परतीच्या वाटेवर विंचूरपर्यंत गाडीत कुणी झोपलं नाही. फोटोग्राफर साहेबांच्या बुटांत काटे भरले होते, ते एकेक काढत बसले होते. मला वाटलं, आता पैशांचा विषय काढतील. त्यांनी विचारलं, शेततळ्याला कायमची पट्टी लावायची तर काथ्याची जाळी चांगली की बारदान? काथ्या जास्त टिकतो, मी म्हटलं. त्यावर काकू मागून म्हणाल्या, जे घरात असतं ते चांगलं.

पुढच्या फेरीच्या आधी मी लासलगावहून जुन्या बारदानाचा एक गठ्ठा घेतला आणि आजोबांच्या ओसरीत नेऊन ठेवला. त्यांनी गठ्ठा सोडला, एकेक गोणी उजेडात धरून पाहिली, आणि दोन फाटक्या निघाल्या त्या माझ्या हातात परत दिल्या.