फुरसुंगीचा बन्या, पुन्हा एकदा

आईकडचा माळा आवरताना फास्टर फेणेची सात पुस्तकं सापडली. कडेला वाळवी, एकावर चहाचा गोल डाग. डाग माझाच. आवराआवरी तिथेच थांबली.

सातवीत मला बनेश फेणे खराखुरा वाटायचा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला काडीपैलवान, सायकलवर सुसाट, आणि तोंडातून ते ‘ट्टॉक्!’. मी आणि दादा आरशासमोर उभे राहून तो आवाज काढायचो. दादाला जमायचा, मला अजून नाही.

आता बेचाळिसाव्या वर्षी वाचताना गंमत वेगळीकडेच सापडते. रहस्य मला चौथ्या पानावर कळतं (खलनायक फारच खलनायकासारखे वागतात), आणि मुली गोष्टीत इतक्या कमी का, हे तेव्हा कसं खुपलं नाही कुणास ठाऊक! पण भा. रा. भागवतांचं वाक्य कसं पळतं! एवढुसं, खोडकर, मध्येच वाचकाला कोपरखळी मारणारं. उपदेश जवळजवळ नाहीच. ते कसब तेव्हा दिसलंच नव्हतं, मी फक्त पानं उलटत होते.

आणि सायकल! बन्या ज्या पुण्यात ती दामटायचा, तिथे आज मी लेकाला लक्ष्मी रोडवर एकट्याला सोडणार नाही. फुरसुंगी म्हटलं की त्याला कचरा डेपो आठवतो.

रात्री त्याला पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, “आई, तो आवाज परत काढ ना.”