मिसिसिपी, उगमापासून समुद्रापर्यंत: माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यासाठीची नदीमोहीम आणि तिची तयारी

अमेरिकेत माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याबद्दल लोकांनी बोलावं म्हणून मिसिसिपी नदी उगमापासून मुखापर्यंत वल्हवत नेण्याच्या मोहिमा निघतात. अमेरिकी सैन्यदलाच्या मरीन कोअर शाखेचे शॉन गोबिन २०१२ मध्ये अपालाचियन ट्रेल ही लांब पायवाट चालून गेले. त्यातून उभी राहिलेली वॉरियर एक्सपिडिशन्स ही संस्था युद्धावरून परतलेल्यांना लांबच्या वाटांवर पाठवते आणि मिसिसिपी ही त्यातलीच एक वाट आहे. याखेरीज दोघा-तिघांचे, संस्थेविना निघणारे गटही असतात. पुढचा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

नदीची लांबी साधारण २,३४० मैल, म्हणजे ३,७६० किलोमीटरच्या आसपास. कनूने अडीच ते तीन महिने धरावेत. इतक्या काळात जलद जायचा मोह होतोच, आणि जनजागृतीच्या मोहिमा बहुतेक तिथेच फसतात. संध्याकाळी गावाच्या घाटावर पोचायचं, तिथल्या अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या हॉलमध्ये तासभर बसायचं, व्हिएतनामहून परतलेल्या आजोबांचं ऐकायचं: काम होतं ते इथे. म्हणून आधी मुक्कामाची गावं आणि तारखा ठरवा, मग त्यांच्यामध्ये मैल बसवा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. वाऱ्यापायी तसाही एखादा दिवस जातोच.

कधी निघावं? मेच्या मध्यावर. उत्तर मिनेसोटातल्या तलावांवरचा बर्फ एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुटतो. मेमध्ये निघालं की लुइझियाना जुलै-ऑगस्टमध्ये येतं. तिथे प्रचंड उष्मा असतो आणि १ जूनपासून चक्रीवादळांचा हंगामही चालू असतो. ऑगस्टअखेर निघालात तर पाणी कमी, वाळूचे दांडे भरपूर आणि डास कमी, पण दिवस लहान होत जातात. सैनिकांच्या गटासाठी आणखी एक गोष्ट बघावी लागते. मेमध्ये निघालेला गट ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, सुमारास नदीकाठच्या मोठ्या गावांजवळ असतो आणि तिथे रात्रभर फटाके वाजतात. शरद ऋतूत पहाटे बदकांच्या शिकारीच्या बंदुका वाजतात. वरच्या भागात लिटल फॉल्सजवळ कॅम्प रिप्ली हा नॅशनल गार्डचा सराव तळ नदीला लागूनच आहे. हे आवाज कधी, कुठे येतील ते गटातल्या प्रत्येकाला आधी सांगा, आणि ४ जुलैचा मुक्काम गावापासून दूरच्या बेटावर ठेवा. आवाज येणार हे माहीत असलं की निम्मं ओझं उतरतं.

उगम ते मिनियापोलिस

इटास्का तलावातून नदी बाहेर पडते तेव्हा दगडांवरून चालत ओलांडता येते. पहिले साठेक मैल ती उत्तरेला बेमिजीकडे जाते, आणि हा भाग दिसतो त्याहून अवघड आहे: आडवी पडलेली झाडं, बीव्हरचे बांध, दलदलीत हरवणारा प्रवाह. पोर्टेजचा, म्हणजे होडी जमिनीवरून ओढून न्यायचा, दोनचाकी गाडा इथे चालत नाही, सामान खांद्यावरच न्यावं लागतं. दिवसाला १२ ते १५ मैल पुरेत. दलदलीत वाट चुकली तर पाण्याखालचं गवत कुठे वाकलंय ते बघा. ज्या बाजूला वाकलेलं असेल तिकडे प्रवाह आहे. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याचे जलमार्गाचे नकाशे मोफत मिळतात. काठावरच्या तंबूच्या जागा आणि होडी उचलून न्यायच्या वाटा त्यांत दाखवलेल्या आहेत.

बेमिजी, कॅस आणि विनिबिगोशिश या तलावांवर खरी भीती वाऱ्याची असते. विनिबिगोशिश मोठा आणि उथळ आहे, त्यामुळे तासाभरात आखूड, उभ्या लाटा उठतात. पहाटे निघा, काठ धरूनच जा, सरळ मधून कापू नका. वाटेत पोकेगामा, ग्रँड रॅपिड्स, ब्रेनर्ड, लिटल फॉल्स, सेंट क्लाउड, कून रॅपिड्स अशी धरणं येतात. प्रत्येक ठिकाणी धोक्याच्या बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) बऱ्याच वर होडी काठाला लावा. इथून पुढे गाडा उपयोगी पडतो. त्याची चाकं पंक्चर न होणारी घ्या आणि एक जादा पिन जवळ ठेवा, कारण हरवते ती पिनच.

मिनियापोलिसला सेंट अँथनी धबधब्याचं वरचं लॉक (पाणी भरून-सोडून होड्या वर-खाली नेणारी दरवाज्यांची कोठी) जून २०१५ पासून बंद आहे. उपद्रवी कार्प मासे वर चढू नयेत म्हणून ते बंद केलं. तिथे होडी शहराच्या रस्त्यांवरून ओढत न्यावी लागते. त्याखालच्या दोन लॉकच्या वेळा आधी तपासा. मिनेहाहाजवळ नदीच्या कड्यावर राज्याचं माजी सैनिकांचं निवासगृह आहे. तिथल्या भेटीसाठी निदान महिनाभर आधी पत्र द्या.

लॉकमधून जाताना

मिनियापोलिस ते सेंट लुईस या पट्ट्यात एकूण २९ लॉक आहेत. शुल्क लागत नाही, पण मालवाहू ताफ्यांना अग्रक्रम असतो. पंधरा बार्जचा ताफा ६०० फुटी लॉकमध्ये दोन तुकड्यांत न्यावा लागतो आणि त्यात दीड ते दोन तास जातात. तोवर सावलीला थांबा. मरीन रेडिओवर १४ नंबरचा चॅनेल लावून लॉकमास्तरांना कळवा. रेडिओ नसेल तर भिंतीच्या टोकाला लहान होड्यांसाठी दोर लोंबतो, तो ओढा. हिरवा दिवा लागल्याशिवाय आत शिरू नका. आत वरून दोर देतात तो हातात धरायचा, होडीला बांधायचा नाही, कारण पाणी खाली जातं आणि बांधलेली होडी भिंतीला लटकते. किओकुकचं १९ नंबरचं लॉक सुमारे ३८ फूट खाली उतरवतं. दरवाजा उघडताना मोठा भोंगा वाजतो. आवाजाने दचकणाऱ्या साथीदाराला ते आत शिरण्याआधीच सांगून ठेवा.

लेक पेपिन सुमारे २२ मैल लांब आहे. दक्षिणेचा वारा असेल तर त्या दिवशी निघू नका. धरणांमधल्या संथ पाण्यात दिवसाला २० ते २५ मैल होतात. प्रवाहाच्या दिशेने जाताना लाल बोया डावीकडे आणि हिरवी उजवीकडे राहते. त्यांच्या आतला मार्ग मोठ्या जहाजांचा, तुम्ही बाहेरून जायचं. बाहेर मात्र काठापासून आडवे टाकलेले दगडी बांध असतात. पाणी कमी असताना त्यांच्यावर फेस आणि उकळी दिसते, तिथून चार हात लांब राहा.

आल्टनच्या लॉकनंतर उजवीकडून मिसुरी नदी गढूळ पाणी घेऊन येते आणि थोड्याच अंतरावर चेन ऑफ रॉक्स लागतो. जहाजं कालव्याने जातात. जुन्या पात्रात आडवा दगडी बंधारा आहे आणि पाणी कमी असताना त्याने माणसं गिळली आहेत. बहुतेक वल्हेकरी डाव्या, इलिनॉयच्या काठाला उतरून होडी वाहून नेतात. तुम्हीही तेच करा. यापुढे समुद्रापर्यंत एकही धरण नाही.

खालची नदी

केरोला ओहायो नदी मिळाली की पात्र दुप्पट होतं आणि दिवसाला ४० ते ५० मैल सहज होतात. मैलांची मोजणीही इथे बदलते: वरचे मैल केरोपासून मोजतात, खालचे मुखाजवळच्या हेड ऑफ पासेसपासून. रेडिओवर आपली जागा सांगताना ‘लोअर मिसिसिपी, माइल सहाशे सत्तर, लेफ्ट डिसेंडिंग बँक’ (प्रवाहाच्या दिशेने जाताना डावा काठ) असंच सांगा. टोबोटचे (बार्जचा ताफा ढकलणाऱ्या बोटींचे) कॅप्टन १३ नंबरवर असतात, बॅटन रूजच्या खाली ६७ वर. ते नीट उत्तर देतात आणि कोणत्या बाजूने जा तेही सांगतात. ताफ्याला थांबायला मैलभर लागतो, आणि नाकासमोरची होडी कॅप्टनला दिसतच नाही. ताफा गेल्यावर त्याच्या पंख्यांमागे उभ्या लाटांची रांग बराच वेळ राहते. ती विरेपर्यंत काठाशी थांबा.

लाटांपेक्षा मोठा धोका नांगरलेल्या बार्जचा आहे. प्रवाह त्यांच्या उताराच्या नाकाखालून आत खेचतो आणि होडी माणसासकट खाली जाते. उभ्या बार्जच्या वरच्या बाजूला कधीही तरंगत थांबू नका, भले सावली कितीही चांगली असो.

पाण्याची सोय आधी करा. नदीचं पाणी फिल्टरने गाळलं तरी शेतातून आलेली रसायनं जात नाहीत, म्हणून नळाचंच पाणी भरा. माणशी दिवसाला ४ लिटर, उष्म्यात ६ लिटर धरून पाच दिवसांचं पाणी जवळ ठेवा. हेलेना ते व्हिक्सबर्ग हे अंतर सव्वादोनशे मैल आहे आणि मधली गावं पूर अडवणाऱ्या बांधांपलीकडे, आत आहेत. वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून पुरा आणि त्यांना तंबूचे दोर बांधा. रात्री पाण्याच्या कडेला काठी रोवा. पहाटेपर्यंत पाणी दोन फूट चढलेलं असू शकतं. होडी वर ओढून ठेवली तरी झाडाला बांधा.

साधारण ३१५ व्या मैलाला, उजव्या हाताला, ओल्ड रिव्हरचे दरवाजे आहेत. ते पाणी अॅचाफलाया नदीकडे खेचतात. तिथे डावा काठ सोडू नका. पुढे लॉकमधून अॅचाफलायात उतरून मॉर्गन सिटीमार्गे समुद्र गाठता येतो. बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्सचा पट्टा समुद्री जहाजांचा आणि रसायनांच्या कारखान्यांचा आहे. अनुभव कमी असलेल्या गटाने अॅचाफलायाच निवडावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ पात्रानेच जायचं असेल तर रस्ता व्हेनिसला संपतो. मुखावरून परत आणायला मोटारबोट आधीच ठरवून ठेवा.

औषधं, बंदूक आणि बोलणं

निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना मार्ग दाखवावा. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषधाची पातळी विषारी होऊ शकते. दुःस्वप्नांसाठी दिल्या जाणाऱ्या प्राझोसिनमुळे रक्तदाब उतरतो आणि तंबूतून झटकन उठताना चक्कर येते. काही औषधांनी उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. औषधं दोन वेगळ्या जलरोधक पिशव्यांत, दोन वेगळ्या होड्यांत ठेवा. पुढची औषधं कुठे आणि कशी मिळतील हे निघण्याआधीच ठरवा.

बंदुकीचा विषय टाळू नका. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दर दहा आत्महत्यांपैकी सुमारे सातांत बंदूक असते. ‘सुरक्षेसाठी’ घेतलेली बंदूक तंबूत असू नये, हा नियम पहिल्या बैठकीत सर्वांच्या संमतीने करा. ती घरी, दुसऱ्या कुणाकडे, कुलूपबंद राहू द्या.

होडीवर ‘दिवसाला २२’ (आत्महत्या) असं लिहिलेलं अजून दिसतं. तो आकडा २०१२ च्या अहवालातला, मोजक्या राज्यांच्या नोंदींवर आधारलेला आहे. व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे दिवसाला सरासरी १७.६. होडीवर आकड्यापेक्षा मदतीचा नंबर मोठा रंगवा: ९८८ लावून १ दाबा, किंवा ८३८२५५ वर मेसेज करा. भाषणात आत्महत्येची पद्धत सांगू नका. सगळे माजी सैनिक मोडलेले आहेत असंही बोलू नका. शंभरातल्या सुमारे सातांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) होतो, आणि त्यावर उपचार आहेत. आठवड्याला एक अशा साधारण आठ ते पंधरा बैठकांत चालणाऱ्या मानसोपचार पद्धती आहेत, हे नेमकं सांगा. १७ जानेवारी २०२३ पासून तीव्र संकटातला माजी सैनिक कोणत्याही रुग्णालयात तातडीचे मोफत उपचार घेऊ शकतो. हॉलमधल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं, म्हणून छापील चिठ्ठी जरूर वाटा. महाराष्ट्रात घरी कुणी माजी सैनिक असेल तर तिथे ९८८ चालत नाही. त्यांच्यासाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठीचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्यात आहे.

घाटावर एखादा माणूस सगळे गेल्यावर मागे रेंगाळतो. त्याला सरळ विचारा: स्वतःला संपवायचा विचार येतो का? विचारल्याने विचार पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, तिथेच आपल्या फोनवरून ९८८ लावा. गटातल्या प्रत्येकाने एस.ए.व्ही.ई. हे आत्महत्या रोखण्याचं अर्ध्या तासाचं मोफत प्रशिक्षण निघण्याआधी पूर्ण केलेलं असावं.

वल्हेकऱ्यांसाठी सर्वांत अवघड काळ नदी संपल्यानंतरचा असतो. रोजची लय, सोबत, झोप, सगळं एका दिवसात थांबतं. समुपदेशकाची भेट पोचल्यापासून आठवड्याच्या आत ठरवा, आणि ती तारीख इटास्का सोडण्यापूर्वीच घ्या. जवळचं व्हेट सेंटर (माजी सैनिकांसाठीचं समुपदेशन केंद्र) शोधून ठेवा. देशभरात अशी तीनशे केंद्रं आहेत, सेवा मोफत आणि गोपनीय आहे. गटाने सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी एकमेकांना फोन करायचा. कोण कुणाला करणार ते नावानिशी लिहून ठेवा, आणि फोन उचलला गेला नाही तर दाराशी जाईल असा माणूस प्रत्येकाच्या गावात आधीच नेमून ठेवा.