चालली नाही तरी चालेल?

"गाडी चालली नाही तरी चालेल हो, फोटो छान यायला हवेत."

नवरीचा भाऊ सहज बोलून गेला. मी हातात फडकं धरून तसाच उभा राहिलो.

माझी फोर्ड मॉडेल ए १९३० ची. लग्नासाठी भाड्याने देतो, पण आदल्या दिवशी तासन् तास तिच्याखालीच असतो. चारही चाकांचे ब्रेक लोखंडी दांड्यांवर चालतात. एका दांडीचा ताण जरा कमी-जास्त झाला की गाडी एका बाजूला ओढते. गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गिअर बदलताना दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय नाही. दोनदा क्लच दाबायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा, मग दांडा अलगद पुढे सरकवायचा. वरातीच्या संथ चालीत ती तापते, म्हणून मधेच थांबून तिला निवू द्यावं लागतं.

नुसती उभी ठेवली तर उलट लवकर खराब होते. पेट्रोल शिळं होतं, बॅटरी उतरते, ब्रेक धरतात.

निघताना नवरीचे आजोबा काठी टेकत आले. "एकदा हॉर्न वाजवू?"

स्टीअरिंगच्या मधलं बटण त्यांनी अंगठ्याने दाबलं. तो घोगरा, लांबलचक आवाज मांडवभर घुमला आणि आजोबा लहान मुलासारखे हसले.

फोटोग्राफर तेव्हा जेवायला गेला होता.