कुंभार्ली घाट, चारही ऋतूंत

आमच्या कराड-पाटण भागात घाट पाहायला जाणे म्हणजे पावसात जाणे, असे जणू ठरूनच गेले आहे. जुलै-ऑगस्टच्या रविवारी कोयनानगरच्या पुढे गाड्यांची रांग लागते, प्रत्येक धबधब्यापाशी फोटो निघतात आणि दिवाळीनंतर तोच रस्ता केवळ चिपळूणला पोहोचण्यापुरता उरतो. मला हे मनापासून खटकते. कुंभार्ली घाट पावसात सुंदर असतो हे खरे. पण पावसात तो सर्वांत कमी दिसतो, हेही तितकेच खरे आहे.

या घाटाची ठेवण आधी लक्षात घेतली पाहिजे. कोयना महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकपाशी काटकोनात वळून पूर्वेला, कराडच्या प्रीतिसंगमाकडे निघते. कराडहून येणारा रस्ता याच खोऱ्यातून नदीच्या सोबतीने वर सरकतो, त्यामुळे देशावरून येणाऱ्याला चढ फारसा जाणवत नाही. मात्र घाटमाथा ओलांडला की जमीन पायाखालून निघून जाते आणि वळणावळणाचा रस्ता थेट पोफळीपर्यंत उतरतो. दाभोळ बंदराचा माल चिपळूणवरून याच वाटेने देशावर चढत असे. डोंगराने दोन मुलखांमध्ये ठेवलेली ही खिंड आहे, आणि तिचे हे दाराचे रूप पावसाळा सोडून इतर दिवसांतच नीट समजते.

पावसाचे माप पाहिले तरी या भिंतीचे काम कळते. कराडला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर कोयनानगरला चार ते पाच हजार मिलिमीटर. समुद्रावरून आलेले ओले वारे कड्यावर आदळून वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार माथ्यावरच उतरवून मग पुढे सरकतात. त्या दिवसांत भर दुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागते, वळणावर समोरची एसटी आधी ऐकू येते आणि मग दिसते, आणि धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते. मला पावसाळ्यात आवडतात ते मृगाचे पहिले दिवस. कड्याच्या बाजूने नुकतेच पाणी झिरपू लागलेले असते आणि तळव्याएवढे खेकडे नांग्या वर धरून तिरके तिरके रस्ता ओलांडत असतात. गाडी बाजूला लावून एखाद्याचा रस्ता पुरा होईपर्यंत थांबावे. गटाराच्या कडेला पोहोचल्यावर तो क्षणभर अंग चोरतो आणि दगडाच्या फटीत असा शिरतो की फट तेवढीच रुंद केली असावी असे वाटते. याच सुमारास शीळकरी कस्तूर पक्षी पहाटे ओढ्याकाठी शीळ घालू लागतो; ती माणसाची शीळ समजून नवखे लोक मागे वळून पाहतात.

श्रावणानंतर धुके विरळ होते आणि घाट जवळून पाहण्याचे दिवस येतात. उतारावर तेरड्याचा गुलाबी रंग पसरतो, भाद्रपद सरता सरता सोनकी त्यावर पिवळी चादर घालते, आणि माथ्यावरच्या सड्यांवर, जेथे बोटभर मातीही नाही, तेथे सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले ओलाव्याच्या आधाराने उभी राहतात. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. पाण्यातले सूक्ष्म जीव ती आपल्या इवल्या पिशव्यांत ओढून घेते, कारण कातळावर तिला पुरेसे पोषण मिळत नाही. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. तिच्या फुलण्याचे वर्ष साधण्यासाठी मधल्या वर्षांतही कारवीच्या झुडपांवर नजर ठेवावी लागते, आणि मला त्या वाट पाहण्यातही मोठा आनंद आहे.

थंडीत खोऱ्यात पहाटे धुके साचते, आकाश स्वच्छ असते आणि माथ्यावरून कोकण दूरवर उलगडते. पाटण तालुक्यातील वयस्कर माणसांना मात्र या थंडीबरोबर ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवते. त्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी आजही घराघरांत सांगितल्या जातात.

माझा जीव जडला आहे तो उन्हाळ्यावर. फाल्गुनात कुसुमाला पालवी फुटते आणि ती हिरवी नसून लालभडक असते, त्यामुळे दुरून झाड फुलल्यासारखेच दिसते. अंजनीच्या फांद्यांना निळ्या फुलांचे घोस बिलगतात. गवत वाळून बसले की पावसाळ्यात हिरवाईखाली दडलेला डोंगर उघडा पडतो: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक आडवे दिसतात, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी पट्टी असते. एक लाव्हा थंड होऊन दुसरा त्यावर येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला होता, याची ती खूण. पावसाळ्यात धबधबा जेथून कोसळतो तेथे कडा असा पायऱ्यापायऱ्यांचा का आहे, हे एप्रिलमध्येच समजते. त्याच दिवसांत हापूसच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो कण्हत घाट चढत असतात आणि रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणांत करवंदे विकायला बसतात. 'दादा, सकाळीच जाळीतनं काढल्याती, खाऊन तरी बघा,' असे म्हणून त्या आधी मूठभर हातावर ठेवतात आणि मग भाव सांगतात.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोयना धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून साडेचारशे मीटरांहून अधिक खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते आणि वीज देऊन वाशिष्ठीला मिळते. त्यामुळे कोकणातील अनेक नद्या मे महिन्यात कोरड्या पडलेल्या असताना वाशिष्ठीला मात्र पाणी असते. कृष्णेकडे जायचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळले आहे. ज्या खिंडीतून माणसे आणि माल गेला, तिच्याच शेजारून आता नदीही जाते.

ज्यांनी हा घाट फक्त जुलैमध्ये पाहिला आहे, त्यांनी एप्रिलच्या शेवटी एखाद्या आडवारी अंधार असतानाच कराड सोडावे आणि ऊन चढण्याआधी माथ्यावर पोहोचावे. नऊनंतर कोकणावर उष्ण धूसरपणा चढतो आणि दूरचे काही दिसत नाही. गाडी वळणावर लावू नये, कचरा परत आणावा, आणि दुर्बीण असेल तर दरीच्या बाजूची उंबराची व वडाची झाडे निरखावीत, कारण फळे पिकली की धनेश पक्षी तेथेच येतात.