ॲप्टने उडवलंय, ॲप्टलाच परत आणायला लावा

लिनक्स काळ्या स्क्रीनवर अडकलं आणि नुसतं लॉगिन मागत बसलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला, फॉरमॅट मार आणि नवीन टाक. मला हा सल्ला पटत नाही, आणि पॅकेजेस, म्हणजे सिस्टीमवर बसवलेल्या सॉफ्टवेअरचे गठ्ठे, चुकून उडाली असतील तेव्हा तर अजिबातच नाही, कारण नक्की काय काय उडालं हे ॲप्टने, म्हणजे उबंटूत पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने, तारीख-वेळेसकट लिहून ठेवलेलं असतं, फक्त ते उघडून वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.

ताजं उदाहरण माझ्या भाच्याचं. इंजिनिअरिंगला आहे, लॅपटॉपवर उबंटू २२.०४ हे लिनक्स, त्यात पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) ३.१० येतं आणि ह्याला प्रोजेक्टसाठी ३.१२ पाहिजे होतं. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की आधी जुनं काढा मग नवीन टाका, विंडोजवर करतात तसं. मग काय, ॲडमिनच्या हक्काने सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३, एंटर, परत एंटर, आणि वर जागा मोकळी होतेय म्हणून ऑटोरिमूव्ह, म्हणजे कुणाला लागत नसलेली पॅकेजेस झाडून काढणारी कमांड, ती पण मारली. रीस्टार्ट केल्यावर मला फोन, "मामा, लॅपटॉप गेला, उद्या सबमिशन आहे." म्हटलं अरे गेला कुठे, समोरच आहे ना तुझ्या, काय दिसतंय ते वाच. तर म्हणे काही नाही, सगळं काळं आहे आणि लॉगिन विचारतंय. म्हणजे बघा, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा चालू आहे, डिस्क वाचली जातेय, पासवर्ड घेतला जातोय, होम फोल्डरमधला प्रोजेक्ट जिथल्या तिथे आहे. ॲप्ट रिमूव्ह तुमच्या होमला हात लावत नाही. हे त्याला आधी एलएस, म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी कमांड, मारून बघायला लावलं, तेव्हा कुठे आवाज जरा ताळ्यावर आला.

आता पायथन काढल्यावर डेस्कटॉप का जातो? कारण उबंटूमध्ये बरीच कामं पायथनच्या स्क्रिप्ट करतात. ग्नोम शेल म्हणजे समोर दिसणारा डेस्कटॉप, त्याचं पॅकेज पायथन३ वर अवलंबून, जीडीएम म्हणजे तो लॉगिनचा सुंदर पडदा, तो ग्नोम शेलवर अवलंबून, अपडेट मॅनेजर पायथनमध्ये, नेटवर्कच्या सेटिंग सांभाळणारं नेटप्लॅन पण त्याच्यावर. अहो, ग्नोम टर्मिनल उघडणारी कमांडसुद्धा उबंटूमध्ये एक पायथन स्क्रिप्ट आहे, त्यामुळे काही लोक पायथन न काढता नुसती पायथन३ ची लिंक दुसऱ्या व्हर्जनकडे वळवतात आणि मग टर्मिनलच उघडत नाही म्हणून डोकं धरून बसतात. तर एक वीट काढली की वरचं सगळं जाणार, आणि ॲप्ट ते लपवत नाही, मोठ्या अक्षरात रिमूव्ह्ड लिहून खाली सगळी यादी देतं. पण ती यादी एका गठ्ठ्यात, सलग, डोळ्याला झापड येईल अशी, आणि शेवटी कॅपिटल वाय, म्हणजे नुसतं एंटर मारलं तरी हो. नव्या ॲप्ट ३.० मध्ये, २०२५ मध्ये आलं ते, यादी रांगेत येते आणि काढायची पॅकेजेस लाल रंगात दिसतात. उशिरा का होईना शहाणपण सुचलं.

बरं, जास्त जोरात का नाही ओरडत ॲप्ट? इथे डेबियनचा, म्हणजे उबंटू ज्यावरून बनलं त्या लिनक्सचा, हिशोब वेगळा आहे. तिथे एसेन्शियल असा शिक्का ठराविक पॅकेजेसवरच असतो, बॅश, कोअरयूटिल्स, डीपीकेजी, टार, ग्रेप, सेड अशी मंडळी, म्हणजे ज्यांच्याशिवाय पॅकेज बसवणंच अवघड होईल ती. पायथन३ वर तो शिक्का नाही, डेस्कटॉपवर तर नाहीच नाही. सर्व्हरवाला डेस्कटॉपशिवाय सुखाने जगतो, त्यामुळे तुमचा डेस्कटॉप ॲप्टच्या लेखी ऐच्छिक विषय.

२०२१ च्या नोव्हेंबरमधला लायनस टेक टिप्स ह्या यूट्यूब चॅनलचा किस्सा बऱ्याच जणांना आठवत असेल. लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएस ह्या उबंटूवरून बनलेल्या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं, ३२ बिटवाल्या डिपेंडन्सीचा, म्हणजे सोबत लागणाऱ्या पॅकेजेसचा, त्या वेळी घोळ होता, त्यामुळे ॲप्टने स्टीमसाठी अख्खा डेस्कटॉपच काढायचा बेत केला. ॲप्टने विचारलं की हे धोक्याचं आहे, खरंच करायचं असेल तर येस, डू ॲज आय से असं वाक्य टाईप करा. त्याने टाईप केलं. डेस्कटॉप गेला. त्यावर लोकांनी त्याला वेड्यात काढलं, पण माझं मत वेगळं आहे, ज्याला गेम खेळायचाय त्याला पॅकेज मॅनेजरने तात्त्विक प्रश्न विचारू नयेत. त्यानंतर लगेच ॲप्ट २.३.१२ आलं आणि त्यात वाक्य टाईप करून एसेन्शियल पॅकेज काढायची ती वाटच बंद केली, आता मुद्दाम वेगळा ऑप्शन दिल्याशिवाय होत नाही.

तर परत भाच्याकडे. पायथन गेलं तरी ॲप्ट जिवंत असतं, कारण ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय आणि त्याच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी मुख्यतः सीमध्ये. रेड हॅट ह्या दुसऱ्या लिनक्स घराण्याचं हे दुखणं जुनं, त्यांचं यम, म्हणजे तिकडचं ॲप्ट, पायथनमध्ये होतं, त्यामुळे त्या घराण्यातल्या सेंटओएस ७ वर पायथन काढलं की पॅकेज मॅनेजरच गेला, मग आरपीएमच्या फाइली हाताने गोळा करत बसा. त्याच घराण्यातल्या फेडोरा ४१ पासून डीएनएफ५ हा नवा पॅकेज मॅनेजर आला, तो सी प्लस प्लसमध्ये. इकडे आपल्याला फक्त इंटरनेट पाहिजे होतं आणि नेमकं तेच नव्हतं, ऑटोरिमूव्हच्या झाडूत नेटवर्क मॅनेजरही गेलेला. त्याला म्हटलं फोन यूएसबीने लाव, टेदरिंग चालू कर, आयपी लिंक मार. यूएसबी० किंवा ई-एन-एक्सने सुरू होणारं लांबलचक नाव दिसतं, ते घेऊन सुडो डीएचक्लायंट आणि ते नाव, म्हणजे फोनकडून आयपी पत्ता मागायचा. आयपी मिळाला. पिंग केलं तर नाव सापडत नाही म्हणे, तर रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस, पुढे इंटरफेसचं नाव, पुढे ८.८.८.८, हा गूगलचा नावं शोधून देणारा सर्व्हर. लगेच चालू. नेटवर्क मॅनेजर शाबूत असेल तर हे काहीच नको, एनएमटीयूआय टाकून वायफाय निवडा. आणि हो, कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाईप इंग्रजीतच करा.

आता खरी गंमत. स्लॅश वार, त्यात लॉग, त्यात ॲप्ट, त्यात हिस्टरी डॉट लॉग. ही ॲप्टची वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी वही, कोणी, कधी, काय नेलं सगळं. प्रत्येक नोंदीत सुरुवातीची वेळ, कमांडलाइन जशीच्या तशी, रिक्वेस्टेड बाय म्हणून यूजरचं नाव, आणि मग रिमूव्ह अशी ओळ, तिच्यात पॅकेजचं नाव, कोलन, एएमडी६४, कंसात व्हर्जन, स्वल्पविराम, पुढचं पॅकेज, अशी एकच ओळ जी स्क्रीनभर पसरते. भाच्याच्या फाइलीत शेवटी दोन नोंदी, वर रिमूव्ह, लगेच खाली ऑटोरिमूव्ह. दोन्ही घ्यायच्या, बरेच जण पहिलीच घेतात आणि मग वायफायचं आयकॉन कुठे गेलं म्हणून परत फोन. पर्ज केलं असेल तर ओळीचं नाव रिमूव्हऐवजी पर्ज असतं आणि सेटिंगच्या फाइलीही गेलेल्या असतात, साध्या रिमूव्हमध्ये स्लॅश ईटीसीतल्या सेटिंग राहतात, त्यामुळे परत टाकल्यावर सगळं पूर्वीसारखं मिळतं. महिना उलटून गेला असेल तर जुनी वही गुंडाळून डॉट १ डॉट जीझेड नावाने बाजूलाच ठेवलेली असते, ती झेडकॅटने वाचा.

ग्रेपने त्या ओळी शोधून घ्यायच्या, सेडने कंसातली व्हर्जन आणि स्वल्पविराम उडवायचे, राहिलेली नावं एका फाइलीत. मग ॲप्ट अपडेट, मग ॲप्ट इन्स्टॉल डॅश एस आणि ती यादी. डॅश एस म्हणजे नुसतं करून दाखव, खरं करू नको. हे वगळू नका, इथे परत काही रिमूव्ह दिसलं तर थांबायचं. यादी एक्सआर्ग्समधून (यादी दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) ढकलली तर ॲप्टला तुमच्या कीबोर्डवरचा वाय पोचत नाही, प्रश्न विचारतं आणि स्वतःच अबॉर्ट म्हणून निघून जातं, त्यामुळे डॅश वाय द्या किंवा डॉलर आणि कंस वापरून यादी भरा. आणि एखादं पॅकेज बाहेरून डेब फाइलने, म्हणजे पॅकेजच्या सुट्या फाइलने, टाकलेलं असेल तर रिपॉझिटरीत, म्हणजे उबंटूच्या पॅकेजेसच्या कोठारात, सापडत नाही, मग ॲप्ट एका नावासाठी अख्खं काम नाकारतं. तेवढं नाव खोडा, बाकीचं चालवा. भाच्याच्या यादीत कॉलेजच्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरचं असंच एक नाव होतं.

पुढचं काय, डाउनलोड, अनपॅक, सेटिंग अप, अक्षरं पळत राहिली. शेवटी रीबूट, आणि जांभळा पडदा आला. फायरफॉक्स स्नॅप ह्या ॲप्टपेक्षा वेगळ्या यंत्रणेतलं असल्यामुळे ते मुळात गेलंच नव्हतं, टॅबसुद्धा होत्या तशा.

लॉगिनपर्यंतही गाडी येत नसेल तर लाइव्ह यूएसबी, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारं उबंटू. ट्राय उबंटू करून आत जा, एलएसबीएलकेने रूटचं पार्टिशन ओळखा, एमएनटीवर माउंट करा, मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चारही बाइंड माउंट करून, म्हणजे तिथेही दिसतील असे जोडून, सीएचरूट, म्हणजे त्या पार्टिशनलाच आपली सिस्टीम मानून आत शिरायचं. रन बहुतेक लोक विसरतात. उबंटूत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही खरी फाइल नसून रनमध्ये जाणारी लिंक आहे, त्यामुळे रन नसेल तर आत इंटरनेट असूनही नावं सापडत नाहीत आणि माणूस उगाच राउटरला शिव्या देत बसतो. कर्नल किंवा तो सुरू करून देणारा ग्रबही गेला असेल तर बूटमधलं ईएफआय पार्टिशनही माउंट करायचं. त्यानंतर वही तीच, यादी तीच.

अगदी वाईट म्हणजे लिबसी६, जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती लायब्ररी, गेली तर. तेव्हा एलएस नाही, सीपी नाही, सुडो नाही, काहीच नाही. उघडं असलेलं शेल बंद करू नका, ते आधीच मेमरीत आहे, त्याच्या स्वतःच्या कमांड चालतात, एको आणि स्टार टाकलं तर फाइलींची नावं दिसतात. पण दुरुस्ती लाइव्ह यूएसबीवरूनच, तिथून डीपीकेजीला रूट म्हणून एमएनटी देऊन डेब बसवायची. डेब फाइल म्हणजे तरी काय, एआरचं एक गाठोडं, आत कंट्रोल आणि डेटा असे दोन टार. डीपीकेजीने नखरे केले तर डीपीकेजी-डेब डॅश एक्सने डेटा थेट एमएनटीवर ओतायचा, म्हणजे सीएचरूट करण्याइतका जीव येतो, आणि मग आत जाऊन ॲप्टने तेच पॅकेज रीइन्स्टॉल करायचं, कारण ओतलेल्या फाइलींची डीपीकेजीकडे नोंद नसते.

भाच्याला ३.१२ पायएन्व्हने, म्हणजे पायथनची व्हर्जन वेगवेगळी ठेवणाऱ्या साधनाने, होम फोल्डरमध्येच करून दिलं, सिस्टीमच्या ३.१० ला धक्का नाही, प्रोजेक्टचं व्हेन्व्ह, म्हणजे त्याची पायथनची वेगळी खोली, त्याच्यावर. एक काम मात्र राहतं आणि ते कुणी सांगत नाही. यादी देऊन टाकलेली सगळी पॅकेजेस आता ॲप्टच्या लेखी तुम्ही मुद्दाम मागून घेतलेली, म्हणजे मॅन्युअल, त्यामुळे पुढे ऑटोरिमूव्ह त्यातलं काहीच साफ करणार नाही आणि जुन्या लायब्ररी साचत जातील. त्याच यादीतली लिबने सुरू होणारी नावं वेगळी काढून ॲप्ट-मार्क ऑटोला द्या, उबंटू-डेस्कटॉपसारखी मुख्य नावं मॅन्युअलच राहू द्या. भाच्याला हे करायला सांगितलंय, सबमिशन झाल्यावर करतो म्हणाला.