गाशा गुंडाळायचा ठीक, पण चर्चेचे जुने धागे कोण नेणार?

आपला ऑनलाइन चर्चागट ज्याच्यावर चालतो त्या प्लॅटफॉर्मवाल्यांनी काही नवं फर्मान काढलं की "चला रे, आपण सगळे दुसरीकडे जाऊ" अशी पोस्ट येणार, तिच्यावर लाइकचा पाऊस पडणार आणि महिन्याभरात तीच मंडळी त्याच जागी त्याच विषयांवर भांडताना दिसणार. हे काही लोक आळशी आहेत म्हणून होतं असं मला नाही वाटत. जायचं म्हणजे नक्की काय काय न्यायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

रेडिटचंच बघा ना. २०२३ मध्ये त्यांनी एपीआयला (बाहेरच्या ॲपना रेडिटवरचा मजकूर मिळायच्या सोयीला) पैसे लावले, रेडिट वाचायच्या अपोलो नावाच्या ॲपच्या डेव्हलपरने हिशोब मांडला की वर्षाला साधारण २ कोटी डॉलर होतील, आणि ३० जूनला ॲप बंदच केलं. त्याआधी १२ जूनपासून ८००० हून जास्त सबरेडिट (रेडिटवरचे विषयवार गट) निषेध म्हणून बंद ठेवली होती. कंपनीने काय केलं, तर हे गट सांभाळणाऱ्या मॉडरेटर लोकांना कळवलं की उघडत नसाल तर तुमच्या जागी दुसरे बसवू. फुकटात वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना! बरेच जण लेमीवर (रेडिटसारखंच, पण वेगवेगळ्या लोकांच्या सर्व्हरवर चालणारं) गेले, पण दहा-बारा वर्षांची प्रश्नोत्तरं राहिली रेडिटवरच, मग गूगलवर शोधत येणारा नवा माणूसही तिथेच पोचणार ना.

याच्या उलट फ्रीनोड, म्हणजे आयआरसी या जुन्या चॅटपद्धतीवर चालणारं एक नेटवर्क. २०२१ च्या मे महिन्यात मालकीवरून वाद झाला, स्टाफने एकगठ्ठा राजीनामे दिले आणि लिबेरा चॅट उभं केलं. ज्या चॅनेलच्या (गप्पांच्या खोलीच्या) टॉपिकमध्ये लिबेराचं नाव दिसलं ती फ्रीनोडने सरळ ताब्यात घेतली, मग तर उरलेसुरलेही निघाले. हे जमलं कारण आयआरसी ही पद्धत कुणा एका कंपनीची नाहीये, ॲप तेच, कमांड त्याच, चॅनेलचं नावही बहुतेक वेळा तेच, फक्त सर्व्हरचा पत्ता बदलायचा. शिवाय चॅनेल सांभाळणारी माणसंही सोबत गेली, आणि मला वाटतं खरी मेख तीच आहे.

याहू ग्रुप्सच्या (याहूवरच्या मेल-गटांच्या) वेळी तर घाईच झाली. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की डिसेंबरमध्ये जुना मजकूर काढणार, आणि वर्षभराने सगळंच बंद. ज्या ग्रुपांचे चालक जागे होते त्यांनी जुन्या मेलांसकट ग्रुप्स डॉट आयओ या तशाच सेवेवर बस्तान हलवलं, बाकीच्यांचं गेलं ते गेलं. (गंमत म्हणजे ग्रुप्स डॉट आयओ काढणाऱ्या मार्क फ्लेचरनेच आधी वनलिस्ट ही तशीच सेवा काढली होती, जी पुढे विलीन होत होत याहूच्या पोटात गेली.)

आता सगळ्यांचं उत्तर एकच, डिस्कॉर्ड हे चॅट ॲप. गप्पांना झकास आहे, नाही म्हणत नाही, पण ज्ञान साठवायला अगदीच कुचकामी. आतलं गूगलला दिसत नाही, तोच प्रश्न दर आठवड्याला नव्याने येतो आणि सर्व्हरचा (डिस्कॉर्डवर गटालाच सर्व्हर म्हणतात) सगळा इतिहास एका बटणात बाहेर काढायची सोय नाही. म्हणजे एका कंपनीच्या दारातून उठून दुसरीच्या दारात बसायचं, वर तिथून निघताना हात रिकामे.

फेडरेशनबद्दलही, म्हणजे वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर एकमेकांना जोडलेले असण्याबद्दलही, लोक जरा जास्तच भाबडे असतात हां. ट्विटरसारख्या मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर खातं हलवलं तर फॉलोअर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. लेमीचा एखादा सर्व्हर चालवणारा कंटाळला आणि त्याने मशीन बंद केलं की तिथली खातीही संपली.

मला विचाराल तर आधी स्वतःचं डोमेन घ्या, मग खाली फोरमचं सॉफ्टवेअर म्हणून डिस्कोर्स चालवा नाहीतर पीएचपीबीबी, फार फरक पडत नाही, कारण उद्या सॉफ्टवेअर किंवा होस्टिंग बदललं तरी लोक त्याच पत्त्यावर येतील. डिस्कोर्सचा बॅकअप एका फाइलमध्ये निघतो, तो अधूनमधून दुसऱ्या जागी टाकायचा, आणि एकदा तरी रिस्टोअर करून बघायचा, कारण हे कुणीच करत नाही. स्पॅम उपसायला आणि अपडेट मारायला माणूस लागतो हे खरंय, आणि ते काम कंटाळवाणं आहे, त्यासाठी आधीच दोघं-तिघं पक्के करा. डोमेनचा आणि सर्व्हरचा पासवर्डही त्या सगळ्यांकडे असू द्या, नाहीतर तो एकच माणूस रुसला किंवा गायब झाला की परत नव्याने गाशा गुंडाळायची वेळ.